एमजीबीचा मागचा शॉकअप पुन्हा पुन्हा गळतो? तेल भरण्याआधी पट्टा बघा

ज्यांच्याकडे एमजी कंपनीची जुनी एमजीबी, मिजेट किंवा मागे हाताचा, म्हणजे लिव्हरसारखा फिरणारा हात असलेला, शॉकअप बसवलेली कुठलीही इंग्लिश गाडी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तक्रार नेहमीची आहे. शॉकअपमध्ये तेल भरले की महिनाभर गाडी छान चालते. मग मागचा भाग डोलायला लागतो, वळणावर बाहेर ओढल्यासारखा वाटतो, आणि चाक काढून बघावे तर आतल्या बाजूला पुन्हा तेलाचा ओघळ. पुन्हा तेल, पुन्हा महिनाभर आराम, पुन्हा तेच.

माझी गाडी 1969 सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, घर गोव्यात फोंड्याला. तीन वर्षांत मागचा डावा शॉकअप मी चार वेळा खाली उतरवला. दोनदा नुसते तेल भरले, एकदा सील बदलून घेतले, एकदा तर पूर्ण रीकंडिशन केलेला शॉकअप बसवला. उजव्याला या काळात हातसुद्धा लावावा लागला नाही. दोन्ही बाजूंचे वय एक, रस्ता एक, चालवणारा एक, मग डावाच का मरतो हा प्रश्न मी पहिल्याच वर्षी विचारायला हवा होता. उत्तर शॉकअपमध्ये नव्हतेच. ते त्याच्या शेजारच्या एका रबरी पट्ट्यात होते.

आधी हा शॉकअप काम कसे करतो ते बघू, कारण ते कळले नाही तर पुढचे सगळे अंदाजपंचे होते. आजच्या गाड्यांमध्ये नळीसारखा, आत-बाहेर सरकणारा शॉकअप असतो. एमजीबीला 1962 पासून 1980 मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत मागे आर्मस्ट्राँग कंपनीचा हाताचा शॉकअप होता. चेसिसला दोन बोल्टांनी एक ओतीव बॉडी बसवलेली असते. तिच्यातून एक दांडा बाहेर येतो, दांड्याला हात, हाताच्या टोकाला खाली जाणारी छोटी लिंक, आणि लिंकचे खालचे टोक पाट्यांखालच्या प्लेटला. चाक वर-खाली झाले की ॲक्सल लिंकला ढकलतो, लिंक हाताला, हात दांड्याला फिरवतो, आणि आत दोन पिस्टन तेलाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्हमधून दाबून पाठवतात. तेलाला त्या अरुंद वाटेतून जायला जो त्रास होतो, तोच आपल्याला मिळणारा आराम. तेल कमी झाले की वर हवा राहते, हवा दबते, तेल दबत नाही. म्हणून हवा शिरलेल्या शॉकअपचा हात थोडा अंतर अगदी मोकळा फिरतो आणि मग अचानक जड होतो.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवण्यासारखी आहे. एमजीबीच्या पुढच्या शॉकअपचा हात म्हणजे सस्पेन्शनची वरची विशबोन, म्हणजे चाकाला वरून धरून ठेवणारा दुवा, असते. चाकाचा भार त्याच्या दांड्यावर येतो, त्यामुळे पुढचे शॉकअप दांड्यापाशी झिजणे स्वाभाविक आहे. मागच्याला फक्त ॲक्सलची हालचाल थोपवायची असते. मागचा दांडा आणि सील लवकर जात असतील, तर त्यांच्यावर नको तो भार कुठून तरी येतोय, असे समजून शोध सुरू करा.

शोध सुरू करण्याआधी गळती शॉकअपचीच आहे ना, ते पक्के करा. मागच्या चाकाजवळ तीन वेगवेगळी तेले गळू शकतात. ॲक्सलच्या टोकाचे सील गेले तर गिअर ऑइल येते. बोटावर घेऊन वास घ्या, गंधकासारखा उग्र वास लगेच कळतो. व्हील सिलिंडर गळत असेल तर ब्रेक ऑइल येते, ते पातळ असते आणि जिथे लागेल तिथला रंग सोलून काढते. तसे दिसले तर शॉकअप विसरा, गाडी हलवू नका, आधी ब्रेक. शॉकअपच्या तेलाला फारसा वास नसतो. आता शॉकअप रॉकेलने धुवून, पुसून, पूर्ण कोरडा करा आणि त्यावर साधी टाल्कम पावडर शिंपडा. वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या. पावडर कुठे ओली झाली ते स्वच्छ दिसेल. हात जिथे बॉडीत शिरतो तिथे ओली असेल तर दांड्याचे सील. मोठ्या षटकोनी नटभोवती ओली असेल तर व्हॉल्व्हचा वॉशर, हे काम स्वस्तातले आहे. वरच्या भरणाच्या बुचाशी ओली असेल तर बुचाचा वॉशर, किंवा तेल काठोकाठ भरले गेलेय. माझ्याकडे पावडर प्रत्येक वेळी दांड्यापाशीच ओली झाली.

दुसरी तपासणी हाताची. गाडी वर घ्या, चेसिसखाली घोड्या लावा, ॲक्सलला वेगळ्या जॅकचा आधार द्या, आणि लिंक सोडवून हात मोकळा करा. लिंक घट्ट बसली असेल तर हातोडी मारून हात वाकवू नका, पुलर लावा. हात दांड्यावरून काढायचा प्रयत्न तर मुळीच करू नका, तो दातांवर दाबून बसवलेला असतो. मोकळा हात दोन्ही हातांनी धरून वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. सगळीकडे सारखा, संथ विरोध लागला पाहिजे. मध्येच मोकळा जात असेल तर तेल कमी आहे. तेल भरून, हवा काढूनही मोकळाच जात असेल तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टन गेले. अडकत असेल तर आत काही तुटले आहे. लिंकच्या दोन्ही टोकांची रबरे या वेळी बघून घ्या. चिरलेले रबर असेल तर चाक थोडे हलते तरी शॉकअपला त्याची खबरच लागत नाही, आणि छोट्या खड्ड्यांवर मागून टक्-टक् आवाज येतो. आवाज ऐकून बरेच जण शॉकअप बदलतात. रबर बदलले असते तर भागले असते. चेसिसवरचे दोन बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्टही पान्याने बघा. ढिले असतील तर तोच खडखडाट येतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस आणि बारा महिने खारा वारा. शॉकअपची बॉडी हलक्या धातूची, बोल्ट लोखंडाचे. या दोघांच्या मध्ये खारे पाणी बसले की पांढरी पूड धरते आणि बोल्ट बॉडीत अडकून बसतात. त्यात जांभ्या दगडाची लाल धूळ पावसात चिखल होऊन हाताच्या मुळाशी चिकटते, वाळली की सीलच्या ओठाला घासते. म्हणून पावसाळा संपला की तिथे एकदा पाण्याने, मग ब्रशने सफाई करा. प्रेशरच्या पाण्याचा झोत थेट सीलवर मारू नका, तो चिखल आत ढकलतो.

आता माझ्या डाव्या शॉकअपकडे येतो.

माझी बहीण दिवाडी बेटावर असते. दर रविवारी मी फर्मागुडी, म्हार्दोळ, बाणस्तारी करत जुन्या गोव्याला येतो आणि तिथून फेरीबोटीने दिवाडी. बोटीचा रॅम्प ज्यांनी रोज बघितला आहे त्यांना माहीत आहे की भरतीला तो जवळजवळ सपाट असतो आणि ओहोटीला चांगलाच उताराचा. नेहमीच्या गाड्यांना त्याचे काही वाटत नाही. एमजीबी बुटकी, पोट घासू नये म्हणून मी रॅम्पवर नेहमी तिरका चढत होतो, एक चाक आधी, दुसरे मागून. उतरतानाही तसेच, आणि उतरताना पहिल्यांदा हवेत लोंबकळायचे ते मागचे डावे चाक. तीन वर्षे, आठवड्यातून दोनदा.

हे माझ्या लक्षात आले नव्हते. भाच्याच्या आले. तो धक्क्यावर उभा राहून गाडीचा व्हिडिओ काढत होता. घरी जेवताना त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मामा, हे बघ, डावं चाक केवढं खाली पडतं. उजवं तेवढं नाही पडत." मी तो तुकडा दहा वेळा थांबवून बघितला. रॅम्पच्या कडेवरून उतरताना डावे चाक कमानीतून जवळजवळ निसटल्यासारखे खाली जात होते आणि मग एक झटका. उजव्या बाजूला तोच उतार, पण चाक एका मर्यादेला थांबत होते.

ती मर्यादा घालायचे काम रिबाउंड पट्ट्याचे असते. कापडाचे थर असलेला रबराचा जाड पट्टा, एक टोक वर चेसिसला, दुसरे ॲक्सलला. चाक वर येते तेव्हा ॲक्सल वर चेसिसला लावलेल्या बंप रबरावर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, टेकतो; चाक खाली जाते तेव्हा हा पट्टा ताणून धरतो. शॉकअपला हात किती खाली जावा याची सीमा असते, आणि ती सीमा येण्याआधी पट्टा ताठ व्हायला हवा. पट्टा सैलावला किंवा तुटला की ॲक्सल लोंबकळत हाताला ओढत नेतो. हात आणि लिंक एका सरळ रेषेच्या जवळ येतात. तिथे पोहोचल्यावर ॲक्सलचा ओढा हाताला फिरवत नाही, तो सरळ दांड्याला खाली खेचतो. आतला भाग टोकाला जाऊन आपटतो. प्रत्येक आपटीला दांडा आणि सील यांच्यामध्ये केसभर जागा होते, आणि तेल त्या वाटेने निघते. मी चार वेळा तेल भरत होतो तेव्हा खरे तर त्या वाटेलाच तेल पुरवत होतो.

आणि ही गोष्ट नुसती शॉकअपपुरती नाही. ॲक्सलकडे जाणारा ब्रेकचा लवचीक होज तेवढ्याच अंतरासाठी कापलेला असतो. चाक मर्यादेबाहेर लोंबकळते तेव्हा तोही ताणला जातो. पट्टा तुटलेल्या गाडीचा होज मी नंतर हातात घेऊन वाकवून बघितला. वरच्या फेरूलजवळ, म्हणजे टोकाच्या धातूच्या टोपणाजवळ, रबरावर बारीक भेगांचे जाळे होते. तो त्याच दिवशी बदलला.

पट्टा आधी कुणाच्या नजरेत का आला नाही? कारण गाडी चाकांवर उभी असते तेव्हा दोन्ही पट्टे सैलच दिसतात, आणि तसेच दिसायला हवेत. गॅरेजमध्ये सगळे जण गाडी ॲक्सलखाली जॅक लावून उचलतात, म्हणजे तेव्हाही पट्टा सैल. माझ्या डाव्या पट्ट्याचे बाहेरचे रबर अखंड होते, कुठेही फाटलेला नव्हता. आतले कापडाचे थर मात्र तुटले होते. हाताने ओढला तर तो बुटाच्या इलॅस्टिकसारखा लांब होत होता.

तो तपासायची खरी पद्धत अशी. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण. मागून चेसिसच्या मजबूत भागाखाली जॅक लावून उचला आणि घोड्यांवर ठेवा, ॲक्सल दोन्ही बाजूंनी मोकळा लोंबकळू द्या. त्याआधी ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे टॉर्च लावून बघत बघत जॅक सावकाश खाली घ्या. आता बंप रबराच्या खालच्या टोकापासून ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंचे अंतर टेपने मोजा. माझ्याकडे डावीकडचे अंतर उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त निघाले. दोन्ही बाजूंचे अंतर सारखे आले म्हणूनही निर्धास्त होऊ नका, दोन्ही पट्टे एकदम सैलावलेले असू शकतात. लिंक वरच्या बाजूने सोडवा, ॲक्सल लोंबकळत असतानाच शॉकअपचा हात स्वतंत्रपणे खाली दाबा. हात लिंकच्या टोकापेक्षा आणखी थोडा खाली जायला हवा. जात नसेल, म्हणजे हात त्याच्या शेवटाला पोहोचला असेल आणि ॲक्सल अजून खाली असेल, तर पट्टे बदला. दोन्ही, एकदम.

पट्टा घेताना गाडीचे साल सांगा. 1974 च्या शेवटी रबरी बंपर आले तेव्हा गाडी जमिनीपासून वर उचलली गेली, आधीच्या आणि नंतरच्या मापांत फरक आहे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर नवीन म्हणून देतात. पट्टा वाकवून बघा, वाकवलेल्या जागी भेगा उमटल्या तर घेऊ नका. आणि पट्ट्याचे बोल्ट कसताना ॲक्सल जॅकने वर उचलून पट्टा सैल करा, ताणलेल्या पट्ट्यावर बोल्ट कसू नका.

आता शॉकअप भरणे. पट्टे बदलल्यावर मी डावा शॉकअप पाचव्यांदा उतरवला, या वेळी सील घालायला. लेथवाल्या मेस्तांनी दांड्याची जागा बघून बुश घातले आणि नवीन सील बसवले. एकदा बॉडीतली जागा अंडाकृती झाली की नुसते सील टिकत नाही, हे त्यांनी मला भिंगातून दाखवले. बॉडीच्या भोकाची एक कड दुसरीपेक्षा स्पष्ट चकाकत होती, ज्या बाजूला दांडा वर्षानुवर्षे खेचला गेला तीच.

तेलाबद्दल गोंधळ फार आहे. एमजीबी बनवणाऱ्या बीएमसी कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आर्मस्ट्राँगचे सुपर थिन 624 क्रमांकाचे तेल सांगितले आहे, आणि ते मिळाले नाही तर 20 ग्रेडचे साधे खनिज तेल चालते, पण कडक थंडीत ते योग्य नाही, असा इशारा आहे. ती थंडी गोव्यात पडत नाही. मी मोटरसायकलच्या फोर्कचे 20 ग्रेडचे तेल वापरतो, कारण त्यात फेस कमी होतो. फोर्क ऑइलचे आकडे प्रत्येक कंपनीत सारखे जाड नसतात, म्हणून दोन्ही बाजूंना एकाच बाटलीतले तेल भरा. ब्रेक ऑइल कधीच नाही, ते आतल्या रबराला आणि रंगाला दोन्हींना खाते.

तेल जाड केले की शॉकअप सुधारतो, हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. मीसुद्धा दुसऱ्या वेळी 40 ग्रेडचे इंजिन ऑइल भरून घेतले होते. लहान खड्ड्यावर गाडी दगडासारखी झाली, मोठ्या खड्ड्यावर व्हॉल्व्हमधून तेल वेळेत जाईना, आतला दाब वाढला, आणि गळती तीन आठवड्यांतच परत आली. शॉकअप कडक करायचा असेल तर त्याची जागा व्हॉल्व्हमध्ये आहे. मोठ्या षटकोनी नटखाली व्हॉल्व्ह आणि त्याच्या स्प्रिंगा असतात; स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालून दाब थोडा वाढवता येतो. हे करायचेच असेल तर एका वेळी एकच शिम, दोन्ही बाजूंना सारखा, आणि मूळ जोडणीचा फोटो आधी काढून. स्वतःला खात्री नसेल तर करू नका. गाडी बसल्या जागी कडक-मऊ करायची सोय आर्मस्ट्राँगने त्या काळातच केली होती. सिलेक्टाराइड नावाचे शॉकअप ॲस्टन मार्टिन डीबी5 ला मागे होते, डॅशबोर्डवरच्या बटणाने त्यांच्या चार पायऱ्या बदलायच्या. एमजीबीच्या साध्या शॉकअपला तशी सोय नाही.

भरायची पद्धत. शॉकअप उतरवून व्हाइसमध्ये उभा पकडा, जसा गाडीवर असतो तसाच. बूच काढण्याआधी त्याच्या भोवतीची धूळ ब्रशने आणि रॉकेलने पूर्ण काढा, एक कण आत गेला तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसतो. जुने तेल उलटे करून निथळू द्या. माझे पहिल्यांदा काळे, चिकट काकवीसारखे निघाले होते. नवे तेल घालून, हात हलवून दोनदा धुतले तेव्हा स्वच्छ आले. मग भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल, हात पूर्ण वर, पूर्ण खाली, सावकाश. बुडबुडे येतील. तेलाची पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. हाताला संपूर्ण फेऱ्यात सारखा विरोध लागेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत हे करा; मला पंधरा-वीस फेऱ्या लागतात. घाई केली की फेस होतो आणि फेस म्हणजे हवाच. काठोकाठ भरू नका, गरम तेल फुगते त्याला जागा ठेवा.

गाडीवर बसवताना बोल्टांच्या दांड्यांना पातळ ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी पांढऱ्या पुडीशी झुंजावे लागणार नाही. लिंकची रबरे नवी घाला आणि त्यांचे नट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे कसा. लोंबकळत असताना कसले तर रबर कायम पिळलेले राहते आणि वर्षभरात चिरते.

नळीचे शॉकअप बसवायचे किट घ्यावे का, असे बरेच जण विचारतात. ज्यांना आर्मस्ट्राँगचे सुटे भाग मिळतच नाहीत त्यांनी जरूर घ्यावे, समायोजन करता येणारे मिळतात आणि गाडी चांगली चालते. पण गळतीला कंटाळून घेणार असाल तर आधी पट्टा बघा. नळीच्या शॉकअपलाही लांबीची मर्यादा असतेच, आणि पट्टा तुटलेला असेल तर ॲक्सल त्यालाही तसाच ओढून टोकाला आपटतो.

माझे पट्टे बदलून आता चौदा महिने झाले, एक पूर्ण पावसाळा धरून. रॅम्पवर तिरका जायचा मार्ग मी सोडलेला नाही, बुटक्या गाडीला दुसरा उपाय नाही. फक्त ओहोटीची वेळ बघून जातो आणि शक्य असेल तेव्हा पाणी वर आल्यावर उतरतो. गेल्या रविवारी दिवाडीहून परत आल्यावर चाक काढून डाव्या शॉकअपवर पावडर टाकली होती. आज सकाळी बघितले तर दांड्यापाशी ती कोरडी होती, आणि लिंकच्या खालच्या रबरावर मात्र थोडी धूळ चिकटलेली. तो नट अर्धा फेरा ढिला झाला होता, कसून घेतला.